भेटीला नेण्याजोगा प्रश्न

विज्ञानकथेवर बेतलेल्या चित्रपटांत आणि दूरचित्रवाणी मालिकांत काम करणाऱ्या नटनट्यांना त्यांच्या चाहत्यांनी ठरल्या दिवशी, ठरल्या जागी आणि पुष्कळदा ठरलेले शुल्क भरून प्रत्यक्ष भेटावे, ही प्रथा मूळची अमेरिकेतली असली तरी मुंबईला ती आता परकी राहिलेली नाही. अशा मेळाव्याला ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात आणि चाहत्यांच्या बोलण्यात त्याचे नुसते ‘कॉन’ होते; तेथे पुस्तके, चित्रकथा, खेळणी आणि टी-शर्ट यांचे स्टॉल असतात, आवडत्या पात्राचा वेश करून आलेले तरुण असतात, आणि एका बाजूच्या मंचावर पाहुणा नट श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असतो. भारतात या धर्तीचा ‘कॉमिक कॉन’ फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीच्या दिल्ली हाट येथे प्रथम भरला, पुढे तो मुंबईतही आला, आणि गोरेगावचे नेस्को संकुल त्याच्या मुंबईतल्या चाहत्यांच्या चांगले ओळखीचे झाले. मुंबईच्याच मानखुर्द उपनगरातून तेथे पोचायचे तर हार्बर मार्गाने वडाळ्यापर्यंत जाऊन गोरेगावची गाडी धरावी लागते, आणि पुठ्ठ्याचे चिलखत किंवा थर्माकोलची तलवार गर्दीत सांभाळत हा प्रवास करणे हेच एक मोठे कौशल्य ठरते.

या मेळाव्यांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती अशी की त्यांचा आरंभ नटांपासून झाला नाही, वाचकांपासून झाला. १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये जे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, त्याला सुमारे दोनशे माणसे आली होती आणि सन्मानाचा पाहुणा म्हणून बोलावलेले फ्रँक पॉल हे नट नव्हते, लेखकही नव्हते, तर विज्ञानकथांच्या मासिकांची मुखपृष्ठे रंगवणारे चित्रकार होते. त्याच संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन तरुण चाहते भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून वावरले, आणि ज्याला पुढे जपानी लेखणीतून ‘कॉसप्ले’ हे नाव मिळाले, म्हणजे वेश करून पात्र वठवण्याचा जो खेळ, त्याचा उगम बहुतेक अभ्यासक तेथेच शोधतात. बहुरूप्यांच्या आणि शाळेतल्या वेशभूषा स्पर्धांच्या प्रदेशाला यात फारसे नवल वाटू नये.

नट मध्यभागी आला तो तीन दशकांनी. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी मालिका १९६६ ते १९६९ या काळात ७९ भाग होऊन बंद पडली. परंतु तिच्या पुनर्प्रसारणाने नवा प्रेक्षक तयार झाला आणि जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात केवळ त्या मालिकेसाठी मेळावा भरला, तेव्हा काही शेकड्यांची अपेक्षा असताना तीन हजारांहून अधिक माणसे लोटली. त्या मेळाव्याला मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी होते, विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह होते, आणि अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेने आपल्याकडील वस्तू प्रदर्शनासाठी दिल्या होत्या. हीच मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली आणि मुंबईच्या चाळींतल्या व वसाहतींतल्या मुलांना तिने अंतराळयानाचा पूल, म्हणजे यानाचा नियंत्रणकक्ष, घरबसल्या दाखवला.

नटाला भेटण्याची ओढ मराठी माणसाला कोणा परक्याने शिकवावी लागली नाही. नाटकाचा प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन, म्हणजे कलावंतांच्या रंगभूषेच्या खोलीत जाऊन, अजून चेहऱ्यावरचा रंगही न पुसलेल्या नटाला ‘प्रयोग छान झाला’ असे सांगून येणे, हा मराठी रसिकाचा जुना हक्क आहे. मानखुर्दचा रसिक पुढच्याच स्थानकावर, खाडीपलीकडे वाशीला उतरून विष्णुदास भावे नाट्यगृहात तो आजही बजावू शकतो. त्याहून मागे गेल्यास बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची तऱ्हा, त्यांचे दागिने आणि केशरचना घरोघरच्या स्त्रियांनी उचलली होती, आणि एका पुरुष नटाने रंगवलेल्या नायिकेचा वेश प्रेक्षकांनी आपल्या अंगावर घ्यावा, हा प्रकार आजच्या कॉसप्लेचा सख्खा पूर्वज म्हणता येईल. फरक आहे तो व्यवहारात. रंगपटाच्या दाराशी तिकीट नसते, घड्याळ नसते आणि नटही पुन्हा पुढच्या आठवड्यात भेटणारा असतो. मेळाव्यातला नट मात्र समुद्र ओलांडून दोन दिवसांसाठी आलेला असतो आणि त्याला भेटू इच्छिणारे हजारांनी असतात.

त्यामुळे मेळाव्यांनी भेटीचे तीन प्रकार पाडले. छायाचित्रकारासमोर नटाशेजारी उभे राहून काढायचा फोटो हा पहिला. सहीच्या टेबलापाशी रांगेने जाऊन छायाचित्रावर घ्यायची सही हा दुसरा. आणि मंचावरचे सत्र, ज्याला ‘पॅनेल’ म्हणतात आणि ज्यात श्रोता माइकपाशी जाऊन प्रश्न विचारतो, हा तिसरा. परदेशातील मोठ्या मेळाव्यांत पहिल्या दोन प्रकारांसाठी प्रवेशिकेव्यतिरिक्त वेगळे शुल्क घेतले जाते. या आकारणीकडे निव्वळ लोभ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल, कारण अमेरिकेत १९६० च्या दशकातील मालिकांच्या नटांना पुनर्प्रसारणाचा मोबदला पहिल्या मोजक्या वेळांपुरताच मिळत असे, आणि ज्या कामामुळे त्यांचा चेहरा जगभर पोचला त्या कामाचे पैसे मात्र लवकरच थांबले. अशांना मेळाव्यांनी उतारवयात आधार दिला. तथापि भेटीचा कस पाहायचा तर पहिल्या प्रकाराला फार महत्त्व देता येत नाही. काही क्षणांत उरकणाऱ्या त्या फोटोत नट आणि चाहता शेजारी असतात, समोरासमोर नसतात. तिसरा प्रकार वरवर सर्वांत दूरचा, कारण मध्ये अख्खे सभागृह असते. परंतु संभाषण शक्य असते ते तेथेच.

संभाषणासाठी प्रश्न लागतो, आणि विज्ञानकथेतील नटाला विचारण्याजोगे प्रश्न इतर नटांना विचारण्याजोग्या प्रश्नांहून वेगळे असतात. सामाजिक नाटकातला नट समोरच्या नटाकडे पाहून बोलतो. विज्ञानपटातला नट अनेकदा हिरव्या पडद्यासमोर उभा राहून, पुढे संगणकावर काढल्या जाणाऱ्या आणि त्या क्षणी नसलेल्या प्राण्याकडे पाहून घाबरतो. नजर नेमकी कोठे ठेवायची, तारांना लटकून वजनरहित अवस्था कशी दाखवायची, कोणीही बोलत नसलेली भाषा खऱ्यासारखी कशी उच्चारायची, हे त्याच्या कारागिरीचे प्रश्न आहेत. ‘स्टार ट्रेक’मधील क्लिंगॉन या परग्रहवासीयांची भाषा पुढे मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने व्याकरणासह रचली, पण तिचे पहिले काही ध्वनी १९७९ च्या चित्रपटासाठी जेम्स दूहान या नटाने योजले होते, ही माहिती ठाऊक असलेला श्रोता माइकपाशी गेला तर उत्तर निराळेच मिळणार.

या दूहान यांचे उदाहरण थोडे अधिक सांगण्याजोगे आहे. ते मालिकेत यानाचे मुख्य अभियंता स्कॉटी यांची भूमिका करीत, आणि त्या पात्राकडे पाहून अभियांत्रिकीकडे वळल्याचे इतक्या विद्यार्थ्यांनी सांगितले की मिलवॉकी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने या नटाला सन्माननीय पदवी दिली. त्यांनी स्वतः एका माहितीपटात सांगितलेली हकिगत अशी की, जीवन संपवण्याच्या विचारात असलेल्या एका तरुणीचे पत्र त्यांना आले, तेव्हा त्यांनी तिला दूरध्वनी करून आपण अमुक शहरातल्या मेळाव्याला येणार आहोत, तेथे भेट, असे सांगितले. ती आली, आणि पुढची दोनतीन वर्षे ते तिला एकामागून एका मेळाव्याला असेच बोलावत राहिले. मग बराच काळ काही कळले नाही, आणि अखेरीस तिचे आभाराचे पत्र आले ते इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीत पदव्युत्तर पदवी मिळवल्याच्या बातमीसह. मेळावा ही काही रुग्णालयाची जागा नव्हे, आणि प्रत्येक नट दूहान नसतो. पण पुढच्या मेळाव्याची तारीख हा एखाद्या माणसासाठी तग धरण्याचा टेकू होऊ शकतो, एवढे यावरून मान्य करावे लागते.

त्याच मालिकेत संदेशवहन अधिकारी उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या आयुष्याला तर अशा भेटींनी दोनदा वळण दिले. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडण्याच्या बेतात होत्या; तेवढ्यात एका समारंभात त्यांचा एक चाहता भेटीला आला आणि तो मार्टिन ल्यूथर किंग निघाला. भविष्यकाळातल्या यानावर एक कृष्णवर्णीय स्त्री सन्मानाच्या जागी बसलेली दिसते, ही जागा सोडू नका, असे त्यांनी निकोल्स यांना समजावल्याचे त्या पुढे अनेकदा सांगत. दुसरे वळण १९७५ मध्ये शिकागोच्या मेळाव्यात आले, जेथे त्यांनी ‘नासा’चे वैज्ञानिक येस्को फॉन पुटकामर यांचे भाषण ऐकले, आणि आपल्यासारखी माणसे या संस्थेत का दिसत नाहीत हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. दोन वर्षांनी ‘नासा’ने त्यांच्याकडेच स्त्रिया व अल्पसंख्य समाजातील उमेदवारांना अंतराळवीर होण्यासाठी पुढे आणण्याचे काम सोपवले. १९७८ मध्ये निवडल्या गेलेल्या ३५ जणांत ६ स्त्रिया आणि ३ कृष्णवर्णीय पुरुष होते. या बदलाचे सारे श्रेय एका अभिनेत्रीला देता येणार नाही, कारण त्यामागे कायदे होते, चळवळी होत्या, तरी मेळाव्यात नट आणि वैज्ञानिक एका छपराखाली आले होते म्हणून ती ठिणगी पडली, हे नाकारता येत नाही.

येथे मराठी वाचकाच्या मनात स्वाभाविकपणे असा विचार येईल की आपल्याकडे विज्ञानकथेचे नट आहेत तरी किती. दूरदर्शनवरच्या ‘कॅप्टन व्योम’ मालिकेचे मिलिंद सोमण आठवतात, २०१६ चा ‘फुंतरू’ हा मराठी विज्ञानपट आठवतो, आणि यादी तेथेच पातळ होऊ लागते. मराठीत विज्ञानकथा पडद्यापेक्षा कागदावर फुलली, आणि म्हणून मराठी विज्ञानकथेचा सर्वांत लाडका चेहरा नटाचा नसून जयंत नारळीकर यांचा होता. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून, पाठवली. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल हेही विज्ञानकथाकार होते, आणि हॉइल यांच्या सहलेखनातून उतरलेल्या १९६१ च्या बीबीसी मालिकेने ज्युली ख्रिस्ती या आसामात जन्मलेल्या अभिनेत्रीला पहिली मोठी भूमिका दिली होती. म्हणजे खगोलशास्त्राची वही आणि नटाचा रंगपट यांत अंतर वाटते तेवढे नव्हते.

नारळीकर व्याख्यानाला जात तेथे मुलांचा गराडा पडे आणि सहीच्या वह्या पुढे येत. अशा वेळी ते वहीत सही करीत नसत. विज्ञानातला तुला पडलेला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव, उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल, असे ते सांगत व तसे करीतही. चाहता आणि तारा यांच्या भेटीची याहून सुंदर रीत जगातल्या कोणत्याही मेळाव्याने शोधलेली नाही, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही, कारण तिच्यात सही मिळवण्यासाठी आधी विचार करावा लागे, आणि सही मिळाली की तिच्यासोबत ज्ञानही घरी येई. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले.

मानखुर्दच्या दृष्टीने या साऱ्याला एक भौगोलिक बाजूही आहे. चुनाभट्टीहून निघून चेंबूर, गोवंडी, देवनार करीत जाणाऱ्या व्ही. एन. पुरव मार्गाच्या एका टोकाला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, ज्या संस्थेच्या स्पर्धेने नारळीकरांना कथाकार केले. आणि त्याच मार्गावर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून स्पर्धेच्याच वर्षी, १९७४ मध्ये, स्थापन झाले आणि ज्याच्यामार्फत देशातील विज्ञान ऑलिम्पियाडचे विद्यार्थी घडवले जातात. जवळच अणुशक्तीनगर, आणि तेथून पुढे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, जेथे बाळ फोंडके यांच्यासारख्या विज्ञानकथाकाराने वैज्ञानिक म्हणून वर्षे घालवली.

म्हणून मुंबईचा मेळावा भरवणाऱ्यांनी परदेशी नटाला मंचावर बसवताना त्याच्या शेजारी आणखी दोन खुर्च्या मांडाव्यात, एक विज्ञानकथाकाराची आणि एक वैज्ञानिकाची, जशी माणसे न्यूयॉर्कला १९७२ मध्ये आणि शिकागोला १९७५ मध्ये मेळाव्याला आलीही होती. वजनरहित अवस्था तारांना लटकून कशी दाखवली हे नट सांगेल, ती खरोखर कशी असते हे वैज्ञानिक सांगेल, आणि माइकपाशी उभ्या असलेल्या मानखुर्दच्या मुलीला तिसरा प्रश्न सुचेल. त्या दोन खुर्च्या भरण्यासाठी कोणाला विमानाचे तिकीट पाठवावे लागणार नाही. ती माणसे पुरव मार्गावरून मेळाव्याला टॅक्सीने येऊ शकतात.