‘विपरीत’ हे विशेषण कोणाचे? फुलरीनचा द्राव आणि लेझरचे स्पंद

लालबाग-परळहून गिरगाव चौपाटीकडे निघणाऱ्या विसर्जन मिरवणुका तुम्ही पाहिल्या असतील. मिरवणुकींतील लेझरझोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्याही महाराष्ट्रात अधूनमधून येतात. मंद प्रकाश जाऊ देणारे आणि तीव्र झोत तेवढा अडवणारे एखादे द्रव्य असते का? असते. टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या फुलरीनचा जांभळा द्राव हे त्याचे एक उदाहरण. साठ कार्बन-अणूंचा हा फुटबॉलसारखा रेणू १९८५ साली सापडला. त्याचा हा गुण टट आणि कॉस्ट यांनी १९९२ साली दाखवला.

या गुणाच्या इंग्रजी संज्ञेचे शब्दशः मराठीकरण केले, तर ‘विपरीत संपृक्त शोषण’ असा शब्दबंध हाती येतो. त्यातील ‘विपरीत’ हे शोषणाचे विशेषण मानले, तर अर्थ उत्सर्जनाकडे झुकतो. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. कित्येक रंगद्रव्यांचे रेणू तीव्र प्रकाशात जणू भरून जातात. त्यांना आणखी प्रकाश शोषता येत नाही आणि उरलेला आरपार जातो. हे संपृक्त शोषण. फुलरीनची तऱ्हा उलटी. एक प्रकाशकण गिळून उत्तेजित झालेला त्याचा रेणू पुढचा कण अधिकच सहजपणे गिळतो. लेझरचा स्पंद काही अब्जांश सेकंदच टिकतो, तरी रेणूला तेवढा अवधी पुरतो. त्यामुळे एका मर्यादेपुढे येणारा प्रकाश दुप्पट केला, तरी पलीकडे दुप्पट पोचत नाही. ‘अरेषीय’ म्हणतात ते हेच. म्हणजे ‘संपृक्त शोषणाच्या विपरीत’ असा विग्रह करावा लागतो. माझ्या मते ‘वाढते शोषण’ म्हणणे अधिक सरळ.

इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील मिश्रा, रावत, जोशी आणि मेहेंदळे यांनी १९९४ साली या द्रावातील प्रकीर्णनाकडे लक्ष वेधले. तीव्र प्रकाश शोषला जातो तसा विखुरलाही जातो. (येथे ‘विकिरण’ लिहू नये; वाचक त्याचा अर्थ किरणोत्सर्ग असा घेईल.) मिरवणुकीतील झोत मात्र बहुधा अखंड असतात, स्पंदरूप नसतात, तेथे या द्रावाचा चष्मा कामी येणार नाही.

स्वाध्याय : ‘विपरीत’ आणि ‘संपृक्त’ हे शब्द न वापरता वरील प्रक्रिया पाच वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यात कर्ता स्पष्ट असावा.