जागतिक सिनेमा : सेवा निवडताना

आधी हक्क, मग संख्या

चित्रपटांचा आकडा पाहून ऑनलाइन चित्रपटसेवा निवडू नये. प्रदर्शनाचे हक्क देशागणिक विकले जातात. म्हणूनच २०१९मध्ये सुरू झालेली ‘क्रायटेरियन चॅनल’ फक्त अमेरिका आणि कॅनडात दिसते. २००७मध्ये स्थापन झालेली ‘मुबी’ भारतात २०१९मध्ये आली. रोज एक नवा चित्रपट आणि तो तीसच दिवस, हा तिचा जुना शिरस्ता. २०२०मध्ये त्याला मोठ्या संग्रहाची जोड मिळाली. मोठ्या सेवांवरही असे चित्रपट येतात, हे खरे : चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पण जुना अभिजात सिनेमा तिथे तुरळकच. शिवाय वर्गणी म्हणजे मालकी नव्हे. ‘फिल्मस्ट्रक’ ही सेवा २०१८मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या वर्गणीदारांकडे एकही चित्रपट उरला नाही. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना ‘कॅनोपी’ ही सेवा मात्र विनामूल्य मिळते.