मानेवर पडणे

रग्बी लीगमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडतात, त्याला टॅकल म्हणतात. पण पाय वर उचलून त्याला डोक्यावर पाडण्यास बंदी आहे. का, ते सांगते.

हातावर पडलात तर फार तर मनगट मोडेल. डोक्यावर पडलात की अंगाचा सगळा भार मानेच्या लहान मणक्यांवर येतो. त्यातच हनुवटी छातीकडे दुमडली असेल तर मणका मोडून आतला मज्जारज्जू चेपतो. हाड सांधते, मज्जारज्जू सांधत नाही.

ऑस्ट्रेलियात मार्च २०१४ मध्ये अ‍ॅलेक्स मॅकिनन या २२ वर्षांच्या खेळाडूला तिघांनी मिळून असे पाडले. मानेचा चौथा व पाचवा मणका मोडला. तो व्हीलचेअरवर आला. बंदी तेव्हाही होतीच! पाडणाऱ्यांपैकी एकाला सात सामने बाहेर बसवले.

मानेच्या अशा रुग्णाची नुसती कूस बदलायला आम्ही चौघी नर्स लागायचो.

मुले कोणताही खेळ खेळोत, कोणी मानेवर पडला तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. डोके आहे तसे दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.