डॉक्टर कोण, सिस्टर कोण?

मागच्या वेळी आपण गटातल्या कर्जाच्या व्याजाचा हिशेब पाहिला. आज वही बाजूला ठेवा. आज आमच्याच हातून झालेली एक चूक सांगायची आहे.

गेल्या पावसाळ्यात गटातल्या एका ताईच्या मुलीला सिकलसेलचा त्रास उठला. हा आजार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. हाडं-सांधे असे ठणकतात की माणूस गडाबडा लोळतो. आम्ही दोघी-तिघींनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पांढऱ्या कोटातली एक तरुण मुलगी आली आणि विचारू लागली, "कधीपासून दुखतंय? पाणी किती प्यायली?" आम्ही म्हटलं, "सिस्टर, आधी डॉक्टरांना बोलवा ना." ती म्हणाली, "मीच बघते." आमचं आपलं तेच, डॉक्टर कधी येतील? तेवढ्यात दुसरा पेशंट आला, ती तिकडे धावली. आम्ही बाकावर बसून राहिलो, आतून कुणीतरी साहेब येतील म्हणून. अर्ध्या तासाने वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, "अहो, डॉक्टर त्याच."

गळ्यात नळी होती, खिशावर नावाची पट्टी होती. आम्ही बीए झालेल्या, गटाच्या बायकांना "कुणाला घाबरू नका" असं शिकवत फिरणाऱ्या. पण डोळ्यांनी पुरुषच शोधला, आणि तेवढा वेळ पोर कण्हत पडली. नंतर माफी मागितली तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोजचंच आहे हे."

सिस्टरचं काम कमी आहे असं नाही हं. रात्री-बेरात्री बाळंतपण तीच निभावते. पण एखादी शिकलेली बाई दिसली की ती मदतनीसच असणार, हे आपण न विचारता ठरवून टाकतो, तिथे चुकतं.

आता याची उलटी बाजू पाहा. पाड्यावर बॅग घेऊन येणारा, सुई टोचणारा कुणीही पुरुष लगेच 'डॉक्टर' होतो. त्याचं शिक्षण किती, कुणी विचारत नाही. शेळ्यांना औषध पाजायला आलेला भाऊसुद्धा 'डॉक्टर साहेब'. आपली पशुसखी प्रशिक्षण घेऊन तेच जंताचं औषध पाजते, ती मात्र 'ताई'. ताई म्हणण्यात माया आहे, आम्हालाही आवडतं. पण साहेबाला पैसे मोजून देतात आणि ताईला म्हणतात, "अगं, तू तर घरचीच, चहा घेऊन जा." नुसत्या हाकेपायी तिची मजुरी बुडते ती अशी.

आपल्या भाषेतही हे मुरलेलं आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको, डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांच्या घरातून. हे शब्द झाले तेव्हा पद पुरुषाचं आणि बाईला त्याची फक्त सावली. पुढे बाई स्वतः शिकून मास्तर झाली, तरी शब्द तोच चिकटला. आज काही गावांत बाई पोलीस पाटील आहे. तिला 'पाटलीणबाई' म्हटलं की नवीन माणूस दारात येऊन विचारतो, "पाटील घरात आहेत का?" ती म्हणते, "मीच." तो म्हणतो, "नाही, ते पाटील."

हे फक्त खेड्यातलं आहे असंही नाही. आपल्या खानदेशातल्या, जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. तेव्हा त्यांच्या कामापेक्षा जास्त चर्चा कशाची? बाईला 'राष्ट्रपती' कसं म्हणायचं, याची! जुन्या भाषेत 'पती' म्हणजे धनी, सांभाळणारा. सेनापती, सभापती हे शब्द तसेच झाले, त्यात नवरा-बायकोचा संबंध नाही. तरी २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू, आपल्यासारख्याच आदिवासी घरातल्या, राष्ट्रपती झाल्या, आणि त्याच महिन्यात एका खासदारांच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' असा शब्द गेला. त्यांना लेखी माफी मागावी लागली. आमदार, खासदार, कलेक्टर, सरपंच हे शब्द बाईला जसेच्या तसे लागतात. नंदुरबारने बाई खासदार निवडून दिली, इथे कलेक्टर म्हणूनही बाया आल्या. शब्दाला काही अडलं नाही.

अडतं ते सरपंचाच्या खुर्चीपाशी. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सरपंचपदही त्यात आलं. आणि त्याबरोबर एक पद असं आलं जे कुठल्याच कायद्यात नाही: सरपंचपती. गाव त्यालाच 'सरपंच' म्हणतं, कार्यक्रमात हार त्याच्या गळ्यात. हा प्रकार देशभर इतका आहे की २०२३ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला त्यासाठी समिती नेमावी लागली.

तेव्हा एवढं नीट समजून घ्या. ग्रामसभा सगळ्या मतदारांची आहे. नवरा तिथे मतदार म्हणून बसू शकतो, बोलू शकतो, पण सरपंचाच्या खुर्चीवर नाही. पंचायतीची मासिक सभा सदस्यांची असते, तिथे त्याने सदस्याच्या जागी बसायचं काम नाही. पंचायतीच्या पैशावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांची सही लागते. काही गडबड झाली तर चौकशीची नोटीस सही करणारीच्या नावाने येते. ज्याला गाव सरपंच म्हणत होतं त्याचं नाव कागदावर कुठेच नसतं. म्हणून हाक कुणाला मारतो हा मानापानाचा प्रश्न नाही, जबाबदारी तिची आणि अधिकार दुसऱ्याचा, असा तो घाट आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे तरी सरपंचाला सरपंच म्हणून हाक मारा, वहिनी म्हणून नको. आणि प्रश्न विचारायचा तो तिलाच विचारा. ती म्हणाली "घरी विचारून सांगते", तर थांबू, पण पुढच्या सभेत पुन्हा तिलाच विचारू.

बँकेतही असंच घडतं. गटाची अध्यक्ष आणि सचिव सहीला गेल्या की काउंटरवरून विचारतात, "मालक नाही आले?" आमच्या एका मावशींनी यावर बरं उत्तर दिलं होतं, "खात्याच्या मालक आम्हीच दोघी." मागचे लोक हसले, पण काम झालं. तुम्हीही ठरावाच्या वहीत नावापुढे पद लिहायला लागा. 'सौ. अमुक' एवढंच नको, 'अमुक, सचिव' असं लिहा. सौ. लिहायचं तर खुशाल लिहा, पण पद गाळू नका.

मागच्या महिन्यात एका पाड्यावरच्या सरपंच ताई बैठकीला आल्या होत्या. ऑनलाइन सहीसाठी लागणारं ते छोटं यंत्र, डोंगल म्हणतात त्याला, दोन वर्षं त्यांच्या मालकांच्या खिशात होतं. त्यांनी मागितलं तर ते म्हणाले, "तू हरवशील." ताईंनी आम्हाला पिशवी उघडून दाखवली. आत गटाचं पासबुक होतं, पाच वर्षं सांभाळलेलं, एक पान फाटलेलं नाही. आणि त्याच्या शेजारी, रुमालाच्या गाठीत, डोंगल.