कॅस्ट्रो स्ट्रीटवरची दुकानं

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो स्ट्रीटचा इतिहास बहुधा मोर्चे, निवडणुका आणि हत्येच्या तारखांनी सांगितला जातो. मला तो दुकानांमधून बघावासा वाटतो. अमेरिकेतल्या समलिंगी चळवळीचं हे माहेरघर घडलं ते बऱ्याच अंशी दुकानांच्या काउंटरवर, आणि त्याचं आजचं दुखणंही दुकानांच्या भाड्यातच आहे.

१९६०च्या दशकापर्यंत या भागाला लोक युरेका व्हॅली म्हणत. आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन कामगार कुटुंबं, मोस्ट होली रिडीमर चर्च आणि १९२२ पासूनचं भव्य कॅस्ट्रो थिएटर. जवळच क्लिफ्स व्हरायटी हे १९३६ साली सुरू झालेलं दुकान. खिळे, रंग, कापड, खेळणी, सगळं एका छपराखाली. हॅलोविनला पोरांच्या वेशभूषा स्पर्धा हेच दुकान भरवायचं. पुढे गोदीतली आणि कारखान्यांतली कामं आटली, कुटुंबं उपनगरांत गेली आणि व्हिक्टोरियन धाटणीची लाकडी घरं स्वस्तात विकायला निघाली. ती घेतली, डागडुजी करून राहती केली, ती समलिंगी तरुणांनी. जुन्या दुकानदारांतल्या अनेकांनी नाकं मुरडली. क्लिफ्सने मात्र नव्या गिऱ्हाइकांना रंग आणि खिळे विकले, आणि ते दुकान आजही उभं आहे.

१९७३ साली, पुढे समलिंगी चळवळीचे नेते झालेल्या हार्वी मिल्क यांनी ५७५ कॅस्ट्रो स्ट्रीटला कॅमेऱ्याचं दुकान थाटलं. व्यापारी म्हणून ते बेताचेच होते. दुकानात एक जुना सोफा होता. माणसं फिल्म धुवायला द्यायला यायची, सोफ्यावर बसायची आणि मतदार नोंदणीचा अर्ज भरून जायची. दोन समलिंगी पुरुषांना दुकान उघडू द्यायचं नाही असा घाट जुन्या व्यापारी संघटनेने घातला, तेव्हा मिल्क आणि आणखी काही दुकानदारांनी आपली वेगळी संघटना काढली आणि १९७४ मध्ये रस्त्यावर जत्रा भरवली. गर्दी बघून विरोधकांचाही गल्ला भरला. कामगार संघटनेच्या लढ्यात कूर्स बिअरवर बहिष्कार घालायची वेळ आली तेव्हा इथल्या बारांनी ती बिअर ठेवणं बंद केलं. मिल्क यांनी त्या बदल्यात समलिंगी चालकांना ट्रकवर काम देण्याची मागणी केली. छोट्या दुकानदारांच्या हातातली ताकद ती हीच. माल कोणता ठेवायचा हे तिथल्या तिथे ठरायचं.

१९७७च्या निवडणुकीत मिल्क नगरमंडळावर निवडून आले. १९७८ मध्ये घरमालकाने दुकानाचं भाडं एकदम वाढवलं आणि त्यांना ते मार्केट स्ट्रीटवर हलवावं लागलं. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला महापौर मॉस्कोनी आणि मिल्क यांची हत्या झाली. हत्येच्या सावलीत भाडेवाढीची गोष्ट झाकली जाते. पण कॅस्ट्रो ज्यांनी कॅस्ट्रो केला, त्यांनाच भाड्यापायी या रस्त्यावरून उठावं लागलं, तेही साखळी दुकानं इथे बोकाळण्याआधी, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मग १९८१चा डिसेंबर. कॅस्ट्रो आणि अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्टार फार्मसी नावाचं औषधांचं दुकान होतं. बॉबी कॅम्पबेल या तरुण परिचारकाला कापोसी सारकोमा या कर्करोगाचं निदान झालं होतं. एड्स हे नाव अजून पडायचं होतं. त्याने आपल्या अंगावरच्या जांभळ्या डागांचे पोलरॉइड फोटो काढले आणि ते स्टार फार्मसीच्या दर्शनी काचेवर लावले : असे डाग दिसले तर डॉक्टरांकडे जा. येणारे-जाणारे थबकून बघायचे, कुणी गुपचूप आपलाच पाय तपासायचं. सरकारी खात्यांचे फलक यायच्या कितीतरी आधी या रस्त्याला पहिली सूचना मिळाली ती एका दुकानाच्या काचेतून. कॅम्पबेल १९८४ मध्ये गेला.

पुढे त्याच कोपऱ्यावर वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळीचं दुकान आलं. वॉलग्रीन्समध्येही औषधं मिळतात, कदाचित जास्त चांगली व्यवस्था असते. पण एखाद्या आजारी तरुणाने येऊन काचेवर फोटो लावू का म्हणून विचारलं, तर काउंटरवरच्या माणसाला ‘लाव’ म्हणण्याचा अधिकार असतो का? शेकडो मैलांवरच्या मुख्य कार्यालयाला ती काच म्हणजे जाहिरातीची जागा. साखळी दुकानांविरुद्धचा राग हा अमुक ब्रँडच्या कॉफीवरचा राग आहे असं जे मानतात, त्यांच्या नजरेतून ही काच निसटते.

एड्सने इथले दुकानदार नेले, गिऱ्हाईक नेलं. १९९६ नंतर औषधांनी मरणं कमी केली, आणि डॉट कॉमच्या पैशाने भाडी वर गेली. साखळ्यांचा जोर वाढला तो याच काळात. वाढलेलं भाडं एवढ्या चटकन भरणं त्यांनाच परवडत होतं. शहराने २००४ मध्ये ‘फॉर्म्युला रिटेल’चा कायदा केला : एकाच पाटीची, एकाच सजावटीची अकराच्या वर दुकानं असतील तर ती साखळी. २००६च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी प्रस्ताव ‘जी’ मंजूर केला आणि वस्त्यांच्या बाजारपेठांत अशा दुकानाला नियोजन आयोगापुढे सुनावणी घेऊनच परवानगी मिळू लागली. २०१४ मध्ये ही मोजणी जगभरातल्या शाखांची झाली.

या कायद्याच्या बाजूने मी ठामपणे आहे. शेजाऱ्यांना उठून बोलायला एक जागा मिळाली, हेच मोठं. पण तो पाटी बघतो, भाडं बघत नाही. ‘अ डिफरंट लाइट’ हे समलिंगी साहित्याचं पुस्तकांचं दुकान २०११ मध्ये बंद पडलं, ते शेजारी साखळी आली म्हणून नव्हे. पुस्तकं घरबसल्या मागवता येऊ लागली होती, त्यावर नियोजन आयोग काय सुनावणी घेणार? त्याच वर्षी मिल्क यांच्या जुन्या दुकानात ह्यूमन राइट्स कॅम्पेन या राष्ट्रीय संघटनेने आपलं भेटवस्तूंचं दुकान उघडलं. टी-शर्ट, मग, समानतेचं चिन्ह. मिल्क यांचे जुने सहकारी दुखावले. मला त्यांचं दुखणं पटतं. चिन्ह आपलं असलं तरी माल काय ठेवायचा हे वॉशिंग्टनमध्ये ठरणार असेल, तर सोफ्याला जागा उरत नाही.

मराठी वाचकाला वाटेल, आपला याच्याशी संबंध काय. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या याच बे एरियात ‘त्रिकोण’ हे दक्षिण आशियाई समलिंगींचं नियतकालिक निघालं. चार वर्षांनी अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ काढलं. अशी मासिकं दुकानाच्या मांडणीवर ठेवणारा माणूस त्यातलं लिखाण ओळखणारा लागतो.

कॅस्ट्रोच्या आठवणींत एक गोष्ट नेहमी राहून जाते. समलिंगी स्त्रियांची वस्ती थोडी दूर, व्हॅलेन्सिया स्ट्रीटच्या आसपास होती. तिथलं ‘ओल्ड वाइव्ह्ज टेल्स’ हे बायकांचं पुस्तकांचं दुकान १९७६ मध्ये सुरू झालं आणि १९९५ मध्ये मिटलं, साखळीच्या कायद्याला अजून नऊ वर्षं होती. पुरुषांच्या हाती घर घेण्याइतका पैसा होता. बायकांचा पगार कमी, त्यामुळे बहुतेक जणी भाड्याच्या घरात. म्हणून त्यांची वस्ती आधी विरली. कॅस्ट्रोमधलेही जे भाडेकरू राहिले ते एलिस कायद्याच्या नोटिशींनी हलले. १९८५चा हा राज्याचा कायदा घरमालकाला भाड्याचा धंदाच बंद करतो असं सांगून सगळ्या भाडेकरूंना बाहेर काढू देतो. एड्समधून वाचलेले, आता पिकल्या वयाचे पुरुष या नोटिशींचे धनी झाले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारा माणूसच गेला, तर खालचं दुकान साखळीचं नाही यात समाधान किती मानायचं?

कॅस्ट्रो थिएटरचंही तेच. २०२२ मध्ये ते चालवायला बे एरियातल्याच एका कार्यक्रम कंपनीने घेतलं, म्हणजे साखळीचा प्रश्न नव्हता. खाली पक्क्या खुर्च्या ठेवायच्या की उभ्याने बघायच्या कार्यक्रमांसाठी त्या काढता याव्यात, यावर गाव दुभंगलं. २०२३ मध्ये नगरमंडळाने आतल्या सजावटीला वारसा संरक्षण दिलं, पण पक्क्या खुर्च्यांचा आग्रह टिकला नाही. सिनेमा बघायला रोज येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी खुर्ची ही चैन नव्हती, आणि ती त्यांच्या शब्दावर राखली जायला हवी होती.

२०१५ पासून जुन्या व्यवसायांची नोंदवही आहे, २०१९ पासून कॅस्ट्रो हा अधिकृत सांस्कृतिक विभागही आहे. त्याहून जास्त आशा मला लगुना स्ट्रीटवरच्या दोन इमारतींत दिसते. कॅस्ट्रोपासून थोड्या अंतरावर ओपनहाऊस या संस्थेने आणि तिच्या भागीदारांनी एलजीबीटी वृद्धांना आपलंसं वाटेल अशी, परवडणाऱ्या भाड्याची घरं उभी केली. पहिल्या इमारतीत ४०, दुसरीत ७९. भाडं उत्पन्नावर ठरतं, घरं सोडतीने मिळतात. नंबर न लागलेल्यांची यादी कितीतरी लांब आहे, आणि पुढची इमारत कॅस्ट्रो स्ट्रीटवरच्याच रिकाम्या गाळ्यांच्या जागी व्हायला हवी.