कानांतील नाद आणि जबड्याचा सांधा



रात्रीं दिवे मालवले, रस्त्यावरची रहदारी थांबली आणि घरांतील माणसें निजलीं, म्हणजे कांहीं लोकांच्या कानांत एक आवाज सुरू होतो. कोणास तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा वाटतो, कोणास दूरच्या शिट्टीसारखा, तर कोणास उकळत्या पाण्याच्या सूंसूंसारखा. शेजारीं निजलेल्या माणसास मात्र कांहींच ऐकूं येत नाहीं. "कोठें आहे आवाज? तुम्हांला भास होतो झालें!" असें उत्तर दोन-चार वेळां मिळालें कीं बिचारा त्याविषयीं बोलणेंच सोडून देतो. परंतु दोन शंका त्याच्या मनांत घर करून राहतात. आपण बहिरे तर होणार नाहीं ना? आणि आपल्या डोक्यांत तर कांहीं बिघाड झाला नाहीं ना?

ह्या आवाजास आपल्याकडे कर्णनाद असें जुनें नांव आहे. सुश्रुतानें कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद निराळा आणि बाधिर्य निराळें मोजलें आहे. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण कान वाजणें हें बहिरेपणाबरोबर पुष्कळदां येत असलें, तरी कान वाजूं लागले म्हणजे बहिरेपण येणारच असें मुळींच नाहीं.

बहुतेक लोकांच्या बाबतींत ह्या नादाचें मूळ अंतर्कर्णांतच असतें. वय झाल्यानें किंवा यंत्रांच्या व वाद्यांच्या प्रचंड आवाजानें तेथील नाजूक पेशी झिजतात. कधीं कानांत मळ साचलेला असतो, तर कधीं क्विनाइन किंवा मोठ्या प्रमाणांत घेतलेली ॲस्पिरिन ह्यांसारखीं औषधें कारण होतात. परंतु कांहीं रोगी असे भेटतात कीं, त्यांचा कान तपासला तर निर्दोष, पडदा स्वच्छ, ऐकणें ठीक. मात्र ऊंस खाल्ला, मोठी जांभई दिली किंवा रागानें दांत आवळले कीं आवाज चढतो. अशा मनुष्याच्या दुखण्याचा उगम पुष्कळदां कानाच्या शेजाऱ्याकडे असतो. हा शेजारी म्हणजे जबड्याचा सांधा.

हा शेजार किती निकटचा आहे तें आपण आतांच पाहूं शकाल. दोन्ही करंगळ्या कानांच्या भोंकांत हलकेच ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटांच्या अग्रांखालीं कांहीं तरी पुढें सरकतें व मागें येतें असें जाणवेल. तें खालच्या जबड्याच्या हाडाचें डोकें होय. कर्णमार्गाच्या समोरच्या भिंतीस लागूनच त्याची खोबण आहे. गुडघा किंवा कोपर ह्यांहून हा सांधा निराळा आहे. तोंड थोडें उघडतांना तो बिजागरीसारखा फिरतो, आणि अधिक उघडतांना हाडाचें डोकें खोबणींतून पुढें घसरतें. दोन हाडांमध्यें एक लहानशी मऊ चकती असते. ती जागेवरून सरकली म्हणजे तोंड उघडतांना 'कट्' असा आवाज होतो, आणि कधीं जबडा अडकतोही.

जबडा आणि कान ह्यांचा संबंध वैद्यकांत प्रथम गाजविला तो अमेरिकेंतील सेंट लुई शहरचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन ह्यांनीं. १९३४ सालीं त्यांनीं ११ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कान भरल्यासारखा वाटणें, कान वाजणें, चक्कर येणें, कानाभोंवतीं दुखणें अशीं लक्षणें त्यांनीं वर्णिलीं आणि त्यांचें मूळ जबड्याच्या सांध्यांत दाखविलें. त्यांची उपपत्ति अशी कीं, दाढा पडल्या म्हणजे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचें डोकें मागें व वर जातें, आणि कानाजवळील मज्जातंतूंवर व कानापासून घशाकडे जाणाऱ्या नळीवर दाब पडतो. पुढें कित्येक वर्षें हा विकार त्यांच्याच नांवानें ओळखला जात असे.

परंतु १९४८ सालीं हॅरी सिखर ह्या शरीररचनाशास्त्रज्ञानें ही उपपत्ति तपासून पाहिली, आणि सांध्याची प्रत्यक्ष रचना पाहतां असा दाब पडणें संभवत नाहीं असें दाखवून दिलें. मग कॉस्टेन ह्यांचें सारेंच म्हणणें खोटें ठरलें काय? नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें; त्याचें जें कारण दिलें तें चुकीचें होतें. वैद्यकाच्या इतिहासांत असे प्रसंग अनेक आहेत. रोगी सांगतो तें लक्षण नाकारूं नये, आणि त्याचें पहिलें सुचलेलें कारण मात्र लगेच स्वीकारूं नये, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

आज ह्या संबंधाचा उलगडा निराळ्या रीतीनें होतो, आणि तो मोठा कुतूहलजनक आहे. मध्यकर्णांत हातोडी, ऐरण व रिकीब अशीं तीन इवलीं हाडें असतात. गर्भामध्यें ज्या कूर्चेच्या आधारानें खालचा जबडा तयार होतो, तिच्याच मागच्या टोंकापासून हातोडी बनते, आणि ऐरणही त्याच कुळांतली. हें नातें जर्मन शास्त्रज्ञ रायकर्ट ह्यांनीं १८३७ सालींच दाखविलें होतें. सरड्यासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हींच दोन हाडें अजूनही जबड्याचा सांधा म्हणून काम करतात. सस्तन प्राण्यांत तीं कानांत येऊन बसलीं व जबड्यानें आपला नवा सांधा केला. कान आणि जबडा हे असे एका घरांतून वेगळे निघालेले भाऊ आहेत.

घर वेगळें झालें तरी तार एकच राहिली. चर्वणाचे स्नायु ज्या मज्जातंतूच्या हुकमतींत आहेत, त्याच मेंदूंतील पांचव्या मज्जातंतूची एक शाखा हातोडीस ओढून कानाचा पडदा ताणणाऱ्या चिमुकल्या स्नायूसही चालविते. शिवाय, कानाकडून येणारा मज्जातंतु मेंदूच्या बुंध्याशीं ज्या पहिल्या ठाण्यावर उतरतो, तेथें जबड्याकडील व मानेकडील वार्ताही येऊन पोंचतात. सांधा दुखरा झाला किंवा स्नायु सदैव आवळलेले राहिले म्हणजे ह्या वार्तांची गर्दी होते, ठाण्यावरील पेशी चाळवल्या जातात, आणि बाहेर शांतता असतांही मेंदूस नाद ऐकूं येतो. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट लेव्हिन ह्यांनीं १९९९ सालीं ही उपपत्ति मांडली. पुढें प्राण्यांवरील प्रयोगांत असेंही दिसून आलें कीं, मोठ्या आवाजानें कान दुखावला असल्यास त्या ठाण्यावर ह्या इतर वार्तांचा पगडा वाढतो. तेव्हां रोग्यास होणारा 'भास' हा मनाचा खेळ नव्हे. त्यास शरीरांतच आधार आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. आपला नाद जबड्याचा आहे असा संशय केव्हां घ्यावा? तोंड उघडतांना सांधा वाजत किंवा अडकत असेल, कानापुढें दाबल्यास दुखत असेल, सकाळीं उठतांना कानशिलें व गाल जड वाटत असतील, झोपेंत दांत खाण्याची संवय असेल, आणि चावतांना नाद कमीजास्त होत असेल, तर संशयास जागा आहे. मात्र दांत आवळल्यानें आवाज बदलला एवढ्यावरून निर्णय करूं नये. इतर कारणांनीं कान वाजणाऱ्या पुष्कळ लोकांतही तो तसा बदलतो. म्हणून प्रथम कानाच्या डॉक्टरांकडून कान व श्रवणशक्ति तपासून घ्यावी, आणि मग दंतवैद्याकडे जावें.

उपाय बहुधा साधे असतात. कांहीं आठवडे मऊ भात, खिचडी, लापशी असें अन्न घ्यावें; ऊंस, चिक्की, कडक सुपारी वर्ज्य करावी. जांभई देतांना हनुवटीखालीं हात धरावा. सांध्यावर ऊनऊन फडक्यानें शेकावें. ओंठ मिटलेले, दांत सुटे आणि जीभ टाळूशीं, ही विश्रांतीची स्थिति अंगवळणीं पाडावी. जेवण व आवंढा गिळणें सोडल्यास वरचे-खालचे दांत एकमेकांस टेकण्याचें कारणच नाहीं. हिशेब लिहितांना, मोटार हांकतांना किंवा काळजींत असतांना आपण नकळत दांत आवळतों. तिकडे लक्ष ठेवावें. जरूर तर दंतवैद्य रात्रीं दांतांवर बसविण्याचा पातळ साचा करून देतात आणि जबड्याचे व्यायाम शिकवितात. सांध्याचें दुखणें ह्या उपायांनीं बहुधा हटतें. नाद कित्येकांचा कमी होतो, सर्वांचाच जातो असें नाहीं.

आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. नाद घालविण्यासाठीं निरोगी दांत कानसून घेणें, उपटणें किंवा घाईनें सांध्याची शस्त्रक्रिया करणें ह्या गोष्टी पुन्हां पूर्ववत् करतां येत नाहींत. कॉस्टेन ह्यांची उपपत्ति ढासळली. तिच्या भरंवशावर बदललेले दांत मात्र रोग्याच्या तोंडांत तसेच राहिले. जे उपाय थांबवितां येतात ते आधीं करून पाहावे.

उलट, पुढील लक्षणें दिसल्यास जबड्याचें निमित्त सांगून स्वस्थ बसूं नये. एका कानास एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. उपचाराचा काळ थोडाच असतो. नाद एकाच कानांत टिकून राहिला, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजूं लागला, किंवा त्याबरोबर चक्कर आली अथवा तोंड वांकडें झालें, तरीही तपासणीस विलंब नको.

शेवटीं एक विनंती घरच्या मंडळींस. ज्याचे कान वाजतात त्यास अगदीं निःशब्द खोलींत निजवूं नका. पंख्याची घरघर किंवा हलकें संगीत चालूं असलें म्हणजे आंतला नाद तितका बोचत नाहीं. आणि तो सांगूं लागला, तर "भास होतो" म्हणून वाटेस लावूं नका. त्याच्या शेजारीं बसा, आवाज कसा आहे तें विचारा, आणि जेवतांना तो वाढतो काय हेंही विचारा. कित्येकदां रोगाचा पहिला धागा अशा एका प्रश्नानेंच हातीं लागतो.