कातळ आणि मुरूम

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला शाळेने एक काम दिले होते. परिसरातले पाच प्रकारचे दगड गोळा करायचे, प्रत्येकाचे नाव लिहायचे आणि तो कसा तयार झाला ते दोन ओळींत सांगायचे. चित्रे चिकटवण्यापेक्षा हे बरे, असे म्हणून मी पिशवी घेतली. आम्ही कन्नमवार नगरातून निघालो आणि पुलावरून स्टेशनच्या पश्चिमेला उतरलो. मग लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडून पार्कसाइटच्या टेकडीच्या पायथ्याशी गेलो. तासाभरात पिशवी जड झाली.

घरी येऊन वर्तमानपत्रावर दगड मांडले. एक काळा, घट्ट, खडीच्या ढिगातला. दुसरा भोकाभोकांचा, शिळ्या पावासारखा. तिसऱ्यात तीच भोके, पण पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. चौथा आतून काळा आणि वरून तपकिरी साल असलेला. पाचवा पिवळट, बोटांनी दाबला तरी भुगा होणारा. नातू खूष होता. मी चष्मा लावून पुन्हा पाहिले आणि त्याला सांगितले, ‘‘बाळा, हे पाचही दगड एकच आहेत.’’

‘‘आजोबा, बाईंना पाच प्रकार हवेत!’’ तो जवळजवळ रडकुंडीला आला.

चूक त्याची नव्हती. महाराष्ट्रात दगड वेचायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही. थरावर थर चढत राहिले आणि आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. कळसूबाई काय आणि राजगड काय, ही याच थरांची चळत. त्या दगडाला भूशास्त्रात बसाल्ट म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द काळवथर. आजीचा पाटा-वरवंटा त्याचा, जाते त्याचे आणि देवळाची पायरीही त्याचीच. मुंबईचे काही थर त्यानंतरचे, म्हणजे थोडे तरुण. ‘थोडे’ म्हणजे तीस-चाळीस लाख वर्षे. भूशास्त्रज्ञांचा हिशेब आमच्या बँकेच्या हिशेबासारखा पैशापर्यंत जुळवायचा नसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत इथे तळी साचली होती, त्यांत बेडूक होते. वरळीच्या खडकात त्या चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले आहेत.

मग एकाच दगडाची पाच रूपे कशी? पाक ताटात ओतला की तो लवकर थिजतो आणि त्यात मोठे खडे धरत नाहीत. तोच हळूहळू निवू दिला तर चांगली टपोरी खडीसाखर होते. बसाल्टचा रस उघड्यावर लवकर निवला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली खोल, फार सावकाश निवतो, म्हणून त्यातले गुलाबी, पांढरे, काळे कण वेगवेगळे दिसतात. रसातले वायू वर येताना अडकले, तिथे भोके राहिली. पुढे त्या भोकांतून पाणी झिरपले आणि पाण्यातली द्रव्ये आत साचून पांढरे स्फटिक झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडातला फरक तेवढाच.

चौथा आणि पाचवा मात्र जन्माने वेगळे नव्हते, वयाने वेगळे होते. बसाल्टमध्ये लोह असते, ते गंजते. म्हणून ती तपकिरी साल. त्यातल्या दुसऱ्या खनिजांची पाण्याने हळूहळू चिकणमाती होते. पाणी शिरते भेगांतून, आणि चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी हल्ला करते. त्यामुळे कोपरे आधी झडतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधला गाभा गोल धोंडा होऊन उरतो. भोवती राहतो तो भुसभुशीत मुरूम. रस्त्यावर टाकतात तोच.

नातवाचे पाच प्रकार भरायचे राहिलेच होते. ते घरात मिळाले. स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्याचा, मोरीत शहाबादी फरशी, देव्हाऱ्याखाली संगमरवर. ओट्याच्या उरलेल्या तुकड्यावर मी लिंबू पिळून ठेवले. तासाभराने पुसले तर पांढुरका डाग. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडक, समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचून झालेले. संगमरवर म्हणजे असाच चुनखडक उष्णतेने आणि दाबाने पालटलेला. तिघांनाही आंबट सोसत नाही, तिघांवरही चाकूचा ओरखडा उठतो. ग्रॅनाइटला किंवा ताज्या बसाल्टला लिंबाने काही होत नाही. सूनबाईने डाग पाहिला तेव्हा भूशास्त्राचा तास आटोपता घ्यावा लागला.

कसोटीचा दगडही मला दाखवायचा होता, पण तो जवळ नव्हता. सोनेतारण कर्जाच्या वेळी आमच्या शाखेत सराफ यायचे, खिशातून काळी वडी काढून तिच्यावर दागिना घासायचे. ती वडी बसाल्टची नसते. गारेच्याच जातीचा, अतिशय बारीक कणांचा तो दगड. सोन्यापेक्षा कठीण, म्हणून सोने त्याच्यावर रेघ सोडते. शहरात जाणे झाले तर वस्तुसंग्रहालयाची 1914 साली पूर्ण झालेली इमारत मात्र जवळून पाहावी. तिच्यातला करडा दगड कुर्ल्याचा बसाल्ट आणि पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट. तोही ज्वालामुखीचाच, पण त्यात लोह कमी आणि सिलिका जास्त, म्हणून रंग उजळ.

हा सगळा पसारा मांडलेला असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी केर काढायला आल्या. त्या पार्कसाइटच्या टेकडीवर राहतात. पिवळा दगड उचलून म्हणाल्या, ‘‘काका, असला तर आमच्या घरामागं लई हाय. पन काळजी न्हाई, घर कातळावर हाय.’’

मी काही बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वर गेलो. बँकेत असताना एका खडी क्रशरच्या कर्जासाठी खाणीवर गेलो होतो. तिथल्या मुकादमाने सांगितले होते, ‘‘साहेब, रंग बघू नका, हातोडी मारा. ताजा दगड खणखणतो, कुजका बद्द बोलतो.’’ मावशींच्या घरामागे माणसापेक्षा उंच धोंडा होता, तोच त्यांचा कातळ. हातोडी मारली, तो खणखणला. मग त्याच्या बुडाशी मारली. हातोडी आत रुतली. धोंडा अस्सल होता, पण तो कातळाचा भाग नव्हता. मुरमात बसलेला नुसता गाभा होता. आणि खोली बांधताना त्याच्या खालचा उतार तासून सपाट केलेला.

असा मुरूम कोरडा असतो तोवर उभा राहतो. पावसात त्यातली चिकणमाती पाणी पिते. वजन वाढते, धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि पायथा तर आधीच कापलेला असतो. घाटकोपरच्या आझाद नगरात जुलै 2000 मध्ये टेकडी घसरून साठाहून अधिक माणसे गेली. जुलै 2021 मध्ये एका मुसळधार रात्री विक्रोळीच्याच सूर्यानगरात घरे गाडली गेली. त्या बातम्यांत ‘दरड कोसळली’ एवढेच असते. दरड कशाची होती, कातळाची की मुरमाची, हे सहसा नसते.

मावशींना हे सांगताना जीभ जड झाली. खोली सोडून त्या जाणार कुठे? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग खालच्या गल्लीतल्या संरक्षक भिंतीकडे मला घेऊन गेल्या. भिंतीत पाणी बाहेर पडायला भोके ठेवलेली होती. बरीचशी प्लास्टिकच्या पिशव्यांनी आणि सिमेंटच्या गिलाव्याने बुजलेली. ‘‘ही मोकळी केली तर फरक पडंल का?’’ त्यांनी विचारले. पडेल, म्हणालो; पुरेसा नाही, पण पडेल. आणि जोराचा पाऊस लागला, भिंतीला नवी भेग दिसली किंवा एखाद्या भोकातून गढूळ पाणी यायला लागले, तर सामानाचा विचार न करता मुलांना घेऊन आमच्याकडे यायचे.

त्या रविवारी मावशींचा मुलगा आणि आमचा नातू लोखंडी सळई घेऊन भोके मोकळी करत होते. गल्लीतल्या आणखी तिघी आल्या. महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात द्यायचा अर्ज मी लिहिला; त्यात ‘मुरूम’ आणि ‘सुटा धोंडा’ हे शब्द मुद्दाम घातले. नातवाने वहीत अकरा प्रकार लिहिले. शेवटचा होता, ‘मावशींचा धोंडा, बसाल्ट, वरून ताजा.’